क्रिकेटच्या वर्तुळात मांडलेलं फुटबॉल: फातोर्ड्याच्या स्टेडियमबद्दल

मडगावजवळच्या फातोर्ड्याच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर सामना बघायला जावं का, असं मला सिंधुदुर्गातले नातेवाईक आणि पुण्या-मुंबईहून येणारे ओळखीचे लोक नेहमी विचारतात. मी उत्तर गोव्यातल्या डिचोलीला राहते, शाळेत मराठी शिकवते आणि फुटबॉलचा हंगाम आला की लेकीला घेऊन दक्षिणेची वाट धरते. माझं उत्तर सरळ आहे. जरूर जा, पण फुटबॉलला जा, संध्याकाळच्या सामन्याला जा आणि पहिल्यांदाच जात असाल तर वरच्या मजल्यावरचं तिकीट काढा. वरचं का, ते कळायला हे मैदान कसं घडलं ते ठाऊक असावं लागतं.

गोवा १९८७ मध्ये राज्य झालं. दोनच वर्षांनी पंडित नेहरूंची जन्मशताब्दी आली आणि त्याच वर्षी हे स्टेडियम नेहरूंच्या नावाने उभं राहिलं. १९८९ च्या जानेवारीत इथे फुटबॉलचा नेहरू चषक झाला आणि त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला क्रिकेटच्या नेहरू चषकातला ऑस्ट्रेलिया विरुद्ध श्रीलंका हा एकदिवसीय सामनाही इथेच झाला. एका वर्षात एकाच गवतावर फुटबॉलचे परदेशी संघ आणि अॅलन बॉर्डरची ऑस्ट्रेलिया. नव्या, छोट्या राज्याला एकाच मैदानातून सगळं हवं होतं आणि तेव्हा ते बरोबरच होतं. दोन खेळांसाठी दोन स्टेडियमं बांधायला जागा कुठली आणि पैसा कुठला? माझे बाबा खाणीवर कारकून होते. क्रिकेट त्यांनी जन्मभर रेडिओवर ऐकलेलं. गोव्यात आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना होतोय याचंच त्यांना इतकं अप्रूप होतं की कोण जिंकलं यापेक्षा ‘आपल्याकडे झाला’ हेच ते पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिले.

पण दोन खेळांना एकाच घरात नांदवायचं तर कुणाला तरी अवघडून बसावं लागतं. क्रिकेटला खेळपट्टीच्या चहूकडे साठ-सत्तर मीटर मोकळं गवत लागतं, म्हणून स्टेडियम गोलसर बांधतात. फुटबॉलचं मैदान असतं साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद. हा आयत त्या वर्तुळात ठेवला की गोलपोस्टच्या मागे थोडंच गवत उरतं, पण दोन्ही लांब बाजूंना रुंद हिरवे पट्टे राहतात. फातोर्ड्याला खालच्या रांगेत बसलं की हा पट्टा डोळ्यांना जाणवतो. बाजूच्या रेषेवरून धावणारा खेळाडू हाताशी असावा असं वाटत असतं, आणि तो दूर पळत असतो. पलीकडच्या कोपऱ्यातला कॉर्नर तर खालून नीट उमगतच नाही. चेंडू गेला एवढं दिसतं, कुणाच्या डोक्याला लागला ते मोठ्या पडद्यावर किंवा शेजाऱ्याकडून कळतं. वरून मात्र मैदान नकाशासारखं उलगडतं. बचावफळी कशी सरकते, मधल्या फळीतला खेळाडू पास देण्याआधी मान वळवून कुठे बघतो, रिकामी जागा कुठे तयार होते, हे सगळं दिसतं. म्हणून वरच्या मजल्याचा आग्रह.

क्रिकेटचं म्हणाल तर त्याने इथे चांगले दिवस पाहिले. ६ एप्रिल २००१ ला भारत-ऑस्ट्रेलिया मालिकेचा निर्णायक सामना इथे झाला. कोलकात्याच्या कसोटीनंतरचे ते दिवस, सगळा देश लक्ष्मणच्या प्रेमात. लक्ष्मणने इथेही शतक काढलं, पण मायकेल बेव्हन शेवटपर्यंत उभा राहिला आणि ऑस्ट्रेलियाने सामना चार गडी राखून आणि मालिका ३-२ अशी जिंकली. त्या सामन्याच्या बनावट तिकिटांचं प्रकरण पुढे कित्येक वर्षं गाजत राहिलं. २००६ मध्ये इंग्लंडविरुद्ध युवराजचं शतक झालं. आणि मग २४ ऑक्टोबर २०१०. पुन्हा ऑस्ट्रेलिया, पुन्हा मडगावात गर्दी, आणि पावसामुळे एकही चेंडू न टाकता सामना रद्द. गोव्यात राहणाऱ्याला यात नवल नाही. परतीचा पाऊस ऑक्टोबर संपेपर्यंत कधीही गडगडत येतो, मैदानात मुरलेलं पाणी लवकर सुकत नाही आणि वर ऊन पडलं तरी खाली चिखल असतो. फुटबॉल ओल्या गवतावर चालतो, क्रिकेट चालत नाही. त्या दिवसानंतर आंतरराष्ट्रीय क्रिकेट फातोर्ड्याला परतलं नाही.

मला याचं दुःख होत नाही. फुटबॉलवाल्यांना मधोमध खेळपट्टीची कडक माती सांभाळत खेळावं लागायचं. एका खेळाला जिथे टणक आणि सपाट हवं, तिथेच दुसऱ्याला मऊ गवत हवं असतं. मडगावच्या सासष्टी तालुक्यात लहान पोरांच्या पायात आधी चेंडू येतो. गावोगावच्या चर्चसमोरच्या मैदानांवर, भातकापणीनंतरच्या शेतांत, किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत फुटबॉल चालतो. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स, स्पोर्टिंग, वास्को ही क्लबांची नावं इथल्या घरात माणसांच्या नावांसारखी घेतली जातात. १९९९ चा दक्षिण आशियाई चषक भारताने याच मैदानावर जिंकला. २०१४ मध्ये गोव्यात पोर्तुगीज भाषक देशांचे लुसोफोनिया खेळ झाले, त्या निमित्ताने स्टेडियमची मोठी डागडुजी झाली आणि त्याच वर्षी एफसी गोवा क्लब जन्माला आला. तिथून पुढे हे मैदान खऱ्या अर्थाने फुटबॉलचं झालं.

एफसी गोवाच्या सामन्याचं वातावरण शब्दांत सांगणं कठीण आहे, तरी सांगते. केशरी जर्सी घातलेली कुटुंबंच्या कुटुंबं येतात. मांडीवर नातू घेतलेले आजोबा, ऑफिसमधून थेट आलेल्या मुली, बाणावलीचे मासेमार, फोंड्याचे दुकानदार. ‘फोर्सा गोवा’ची आरोळी पूर्वेकडच्या खालच्या स्टँडमधून उठते, तिथे ‘ईस्ट लोअर आर्मी’ म्हणवणारे कट्टर चाहते ढोल घेऊन उभेच असतात. बसायचं नसेल, ओरडायचं असेल, तर वरचा माझा सल्ला विसरा आणि त्यांच्यात जा. तिथे खेळ कमी दिसतो, पण खेळाचा धक्का अंगाला लागतो. मडगावच्या प्रेक्षकांची एक गोष्ट मला फार आवडते. त्यांना फुटबॉल कळतो. नुसत्या गोलला टाळ्या पडत नाहीत. बचावपटूने वेळेवर पाय घातला, गोलरक्षकाने घाई न करता चेंडू जवळच्या माणसाकडे सरकवला, तरी दाद येते. आणि आळशी पास गेला की हजारो लोक एकदम हळहळतात.

आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग या देशभरच्या फुटबॉल लीगचा २०१५ चा हंगाम इथल्या लोकांच्या मनातून जायचा नाही. ब्राझीलचा झिको प्रशिक्षक होता. नोव्हेंबरात गोव्याने मुंबई सिटीला ७-० असं हरवलं. दुदू आणि हाओकिप या दोघांनीही हॅटट्रिक केली. मग २० डिसेंबरला इथेच अंतिम सामना, चेन्नईविरुद्ध. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेने फ्री किकवर गोल केला आणि गोवा २-१ ने पुढे गेला. स्टेडियम नाचत होतं. त्यानंतरच्या काही मिनिटांत सगळं उलटलं. गोव्याचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी याच्याकडून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला, २-२ झालं आणि भरपाईच्या वेळेत मेंडोझाने चेन्नईचा तिसरा गोल केला. एवढी माणसं एका क्षणात गप्प होतात म्हणजे काय, ते तेव्हा समजलं. मला त्या रात्री विजेतेपदापेक्षा कट्टीमनीचंच वाईट वाटत राहिलं. गोव्याचाच मुलगा, घरच्या मैदानावर, घरच्या माणसांसमोर.

पुढचा भाग सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. कोरोनाच्या साथीच्या दोन हंगामांत सगळी आयएसएल गोव्यातच खेळली गेली. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान, तिन्हीकडे रिकाम्या खुर्च्यांसमोर. २० मार्च २०२२ ला अंतिम सामना फातोर्ड्यालाच होता आणि प्रेक्षकांना पुन्हा दारं उघडली. हैदराबाद विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. केरळहून आलेल्यांनी स्टेडियम पिवळं करून टाकलं होतं. राहुलने केरळला पुढे नेलं, मग ८८ व्या मिनिटाला साहिल तावोरा या गोंयकार पोराने हवेतल्या चेंडूवर असा फटका मारला की बरोबरी झाली. जादा वेळेतही निकाल नाही, म्हणून पेनल्टी. हैदराबादच्या गोलमध्ये कोण? कट्टीमनी. त्याच मैदानावर. त्याने तीन पेनल्टी अडवल्या आणि हैदराबाद विजेता झाला. सव्वासहा वर्षांनी त्याचं त्याला मिळालं. माझी लेक तेव्हा २०१५ बद्दल काहीच जाणत नव्हती. मी का रडतेय ते तिला कळेना. एखाद्या मैदानाशी नातं जोडायला माणसाला काय लागतं, असं कुणी विचारलं तर मी या दोन रात्री सांगेन.

जगातलं मोठं फुटबॉलही इथे आलं. २०१७ च्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात इराणने जर्मनीला इथे ४-० असं लोळवलं, आणि उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडच्या ऱ्हियान ब्रूस्टरने अमेरिकेविरुद्ध हॅटट्रिक केली. २०२१ मध्ये एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. सामने याच मैदानावर, पण साथीमुळे प्रेक्षकांविना. कतारच्या अल रय्यानला गोव्याने गोलशून्य बरोबरीत रोखलं तेव्हा आम्ही घरी टीव्हीसमोर होतो. तरुण धीरज सिंग गोलमध्ये उभा होता, आणि बघायला आत कुणी नव्हतं ही खंत अजून आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात सौदी अरेबियाचा अल नस्र संघ आला. रोनाल्डो येणार म्हणून सगळा गोवा हलला होता, तो आला नाही. अल नस्र २-१ ने जिंकला. तरी गोव्याच्या ब्रायसन फर्नांडिसने त्यांच्यावर गोल केला, आणि माझ्या दृष्टीने त्या रात्रीचा नायक तोच. दुसऱ्या दिवशी शाळेत पोरं त्याच्याबद्दल बोलत होती.

पण मला सर्वांत जवळची आठवण आहे ती मुलींची. २०२२ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला आणि दोन्ही उपांत्य सामने एकाच दिवशी फातोर्ड्याला झाले. आधी कोलंबिया-नायजेरिया, मग स्पेन-जर्मनी. पहिला सामना गोलशून्य राहिला आणि पेनल्टीवर कोलंबियाने जिंकला. कोलंबियाची लिंडा काइसेदो चेंडू घेऊन वळली की गॅलरीत सगळीकडून ‘हूं’ असा आवाज यायचा. दुसरा सामना स्पेनने शेवटी एका गोलने काढला. लेक बारा वर्षांची होती. तोवर तिने टीव्हीवर बाप्ये खेळताना पाहिले होते, गावात मुलगे खेळताना पाहिले होते. तिच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या मुली, घामाघूम, एकमेकींवर ओरडत, पडून उठत खेळताहेत आणि त्यांच्यासाठी मोठी माणसं उभी राहून टाळ्या वाजवताहेत, हे तिने तिथे पहिल्यांदा पाहिलं. परतताना गाडीत तिने फुटबॉलचे बूट मागितले. आता ती खेळते. कोणी मला विचारलं की सरकारी खर्चाने स्टेडियम बांधून काय मिळतं, तर माझ्याकडे हे उत्तर आहे.

सोहळ्यांबद्दलही लिहायला हवं, कारण स्टेडियम त्यासाठीही वापरलं जातं. २६ ऑक्टोबर २०२३ ला ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेचं उद्‌घाटन पंतप्रधानांच्या हस्ते इथेच झालं. बऱ्याच वर्षांपासून पुढे ढकलली जात असलेली ही स्पर्धा अखेर झाली, आणि महाराष्ट्राने ८० सुवर्णांसह २२८ पदकं मिळवून पहिला क्रमांक घेतला. सिंधुदुर्गातले माझे मामा त्या आठवड्यात रोज फोन करून पदकं मोजत होते. अशा सोहळ्यांना माझा विरोध नाही, पण मैदानाच्या बाजूने बोलायचं तर व्यासपीठं, गाड्या आणि हजारो पाय गवतावर आले की ते गवत पुन्हा फुटबॉलजोगं व्हायला वेळ लागतो. सोहळा कधी आणि सामना कधी, हे गवताची काळजी घेणाऱ्या माळ्याला विचारून ठरावं असं मला मनापासून वाटतं.

आता जायचं कसं ते. मडगाव हे कोकण रेल्वेचं मोठं स्थानक आहे. तिथून रिक्षा करावी. कदंबचं मडगाव बसस्थानक स्टेडियमपासून जवळ आहे, पणजीहून बसने येणाऱ्याला तेच सोयीचं. उत्तर गोव्यातून स्वतःची गाडी असेल तर झुआरीच्या नव्या पुलामुळे पूर्वीची कुठ्ठाळीची कोंडी बरीच सुटली आहे. अडचण परतीची आहे. गोव्यात रात्री उशिरा बस मिळणं मुश्किल, आणि साडेसातचा सामना संपून लोक बाहेर पडेपर्यंत दहा वाजलेले असतात. मडगावात मुक्काम करा, नाहीतर चार जणांत एक गाडी ठरवा. सामन्याच्या रात्री उत्तर गोव्याकडे, फोंड्याकडे आणि काणकोणकडे जादा बस सोडल्या तर प्रेक्षक कितीतरी वाढतील. आज बस नाही म्हणून न येणारी कॉलेजची मुलं मला ठाऊक आहेत, आणि मुलींना तर घरून परवानगीच त्यामुळे मिळत नाही.

पाचच्या सामन्याला पूर्वेकडची जागा घेतलीत तर मावळता सूर्य थेट डोळ्यांत येतो. टोपी न्या, किंवा पश्चिमेकडचं तिकीट मिळालं तर बरं. साडेसातच्या सामन्याला हा प्रश्न नाही, फक्त दमट उकाडा असतो. सुती कपडे घाला. पाण्याची बाटली, छत्री असल्या वस्तू आत नेऊ देत नाहीत, तेव्हा पिशवी न आणणंच उत्तम. लहान मूल बरोबर असेल तर पाऊण तास आधी पोचा, दारावरची तपासणीची रांग सुरुवातीच्या दहा मिनिटांत फार वाढते. आणि पोटाचं बाहेरच बघा. मडगावात रात्री गाड्यांवर मिळणारं रस ऑम्लेट, म्हणजे मसालेदार रश्श्यातलं ऑम्लेट, वरून चिरलेला कांदा आणि लिंबू, सोबत कडक उंडो, म्हणजे गोव्याचा गोल पाव. डुकराचं मांस चालत असेल तर चुरीस पाव, म्हणजे गोव्याच्या सॉसेजचा पाव. सामना जिंकला की त्या गाड्यांभोवती जी चर्चा चालते ती ऐकायला मी मुद्दाम अर्धा तास थांबते. मडगावची कोंकणी, मधूनच मराठी, मधूनच मल्याळी, आणि सगळ्यांचा विषय एकच, तो ऑफसाइड होता की नव्हता.

साधारण १९ हजार माणसं मावणारं हे स्टेडियम मोठ्या शहरांच्या मानाने लहान आहे. गोव्याला ते पुरतं, किंबहुना हीच त्याची खुमारी आहे. आठ-दहा हजार आले तरी ते भरलेलं वाटतं. माझी मागणी वेगळी आहे. गोव्याच्या स्थानिक लीगचे सामने बहुतेक म्हापशाच्या डुलेर स्टेडियमवर आणि इतरत्र होतात. त्यांचा अंतिम सामना, आंतरशालेय स्पर्धेचा अंतिम सामना आणि मुलींच्या लीगचे दोन-चार तरी सामने दरवर्षी फातोर्ड्यावर, प्रकाशझोतात व्हावेत. तिकीट नसावं. डिचोली, सत्तरी, केपे, सांगे इथल्या पोरांना कट्टीमनी ज्या गोलमध्ये उभा होता त्या गोलमध्ये उभं राहायला मिळावं. क्रिकेटचं वर्तुळ आता तसंच राहणार, ते मी मान्य केलंय. बाजूच्या रुंद पट्ट्यावर सामन्याआधी गावच्या छोट्या मुलांचे पाच-पाच जणांचे खेळ लावता येतील, जागा तेवढी आहे. येत्या हंगामाचं वेळापत्रक लागलं की मी पुन्हा वरच्या मजल्याची दोन तिकिटं काढणार आहे, आणि या वेळी शाळेतल्या नववीच्या मुलींनाही घेऊन जायचं ठरवतेय. बस आम्हीच ठरवू.